फिजीचा इग्वाना आठ हजार किलोमीटर तरंगत गेला, हे पटायचं कसं?

मार्च २०२५ मध्ये एक बातमी जगभर फिरली. दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवरचे हिरवे सरडे, म्हणजे इग्वाना, मूळचे उत्तर अमेरिकेचे; उन्मळलेल्या झाडांवर बसून, समुद्रातून सुमारे ८००० किलोमीटर वाहत ते तिथे पोचले. मुंबई ते लंडन हा विमानाचा प्रवाससुद्धा याहून कमी भरतो. पृथ्वीच्या परिघाचा पाचवा हिस्सा एका जमिनीवरच्या प्राण्याने विनातिकीट पार केला, असं हे म्हणणं. वाचणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘थापा’ हाच, आणि त्यात काही चूक नाही. म्हणून शंका एकेक घेऊन पाहू.

आधी, इग्वाना म्हणजे घोरपड नव्हे

मराठीत इग्वानाला अनेकदा घोरपड म्हटलं जातं. दिसायला दोघं दांडगे, शेपूट लांब, म्हणून गल्लत होते. पण घोरपड मांसाहारी. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती किडे, अंडी, उंदीर, मेलेलं जनावर काहीही खाते. इग्वाना मुख्यतः पाला, फुलं आणि फळं खातो. त्याची जीभ जाड, मांसल. दात पानाच्या आकाराचे आणि कडेला करवतीसारखे, पाला कापायला बनवलेले. नात्याने पाहिलं तर कुंपणावर मान हलवत बसणारा आपला सरडा हा इग्वानाला घोरपडीपेक्षा कितीतरी जवळचा.

इग्वाना कुळातले जवळजवळ सगळे प्राणी अमेरिका खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर राहतात: मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं, गालापागोस. आशियात आणि ऑस्ट्रेलियात त्यांच्या जागी आपल्या सरड्याचं कुळ आहे. प्रशांत महासागर मधोमध असलेल्या नकाशावर टाचण्या टोचत गेलात तर सगळ्या टाचण्या उजवीकडे जमतात आणि एकच घोळका पार डावीकडे, फिजीत, एकटा पडतो. तिथे आज चार जाती आहेत आणि चारही ब्रॅकिलोफस या एकाच प्रजातीतल्या. त्यांतली गाउ बेटावरची जात तर २०१७ मध्ये कुठे वेगळी म्हणून ओळखली गेली. फिजीचे लोक या प्राण्याला ‘वोकाई’ म्हणतात.

कोडं जुनंच आहे. तराफ्याची कल्पनाही नवी नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत ती मांडली गेली होती. नवं आहे ते तिच्या बाजूने उभं राहिलेल्या पुराव्याचं वजन.

पोथीतल्या चुका आणि डीएनए

हा नवा अभ्यास सायमन स्कार्पेटा आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी इग्वाना आणि त्यांच्या नातलग सरड्यांच्या २०० हून अधिक नमुन्यांमधली ४००० हून जास्त जनुकं ताडून पाहिली. यातून मूळ गाव कसं कळतं, ते छपाईच्या आधीच्या काळातल्या पोथीवरून समजतं.

एका पोथीच्या नकला होत जातात. लिहिणारा कुठे तरी एक अक्षर चुकतो. पुढे त्या नकलेवरून जेवढ्या नकला होतील, त्या सगळ्यांत तीच चूक उतरते. पाच गावांतल्या पाच पोथ्या समोर ठेवल्या आणि त्यांतल्या दोघींत नेमकी तीच विचित्र चूक सापडली, तर त्या दोघी एकाच हातच्या नकलेवरून आल्या असं खात्रीने म्हणता येतं. डीएनए पिढ्यानपिढ्या असाच नकलला जातो आणि त्यात अशाच चुका साठतात. कोणाच्या चुका कोणाशी जुळतात हे पाहून वंशवृक्ष मांडता येतो.

फिजीच्या इग्वानाच्या चुका सर्वांत जास्त जुळल्या त्या वाळवंटी इग्वानाशी. शास्त्रीय नाव डिप्सोसॉरस. राहतो अमेरिकेच्या नैऋत्येला आणि मेक्सिकोच्या वायव्येला, सोनोरा आणि मोहावी वाळवंटांत. एक दमट बेटावर झाडाच्या शेंड्याला, दुसरा तापलेल्या वाळूत झुडपाखाली. पण सख्खे ते दोघेच.

दुसरा प्रश्न वेळेचा. नकलणारा साधारण किती पानांमागे एक चूक करतो हे ठाऊक असेल, तर दोन पोथ्यांतला फरक मोजून मधे किती नकला झाल्या याचा अंदाज बांधता येतो. जीवशास्त्रात याला रेणवीय घड्याळ म्हणतात. घड्याळ लावायला वेळ जुळवावी लागते. ती जीवाश्मांवरून जुळवतात, कारण ज्या खडकात जीवाश्म सापडला त्याचं वय मोजता येतं. या हिशोबाने फिजीची शाखा वाळवंटी इग्वानाच्या शाखेपासून ३ कोटी ४० लाख ते ३ कोटी १० लाख वर्षांपूर्वी फुटली. फिजीची ज्वालामुखी जमीन पाण्यावर आली तीही साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात, हीच या अभ्यासातली सर्वांत लक्षवेधी गोष्ट.

इथे एक बारकावा बातम्यांत गळला. घड्याळ सांगतं ती फारकतीची तारीख. पोचल्याची नव्हे. दोन भाऊ वेगळे झाले आणि त्यांतला एक पुढे कधी तरी गाव सोडून गेला, तर वाटणीपत्रावरून गाव सोडल्याची तारीख कळत नाही. इग्वाना फारकतीनंतर लगेच निघाले असतील किंवा बऱ्याच काळाने. अभ्यासकांचा कल पहिल्या शक्यतेकडे आहे.

जमिनीवरून चालत गेले नसतील का?

ही सर्वांत दमदार शंका, आणि अनेक वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत याच बाजूला होतं. दक्षिणेकडचे खंड एकेकाळी गोंडवन नावाच्या महाखंडात जोडलेले होते. आपलं दख्खनही त्यातच होतं. इग्वानांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियामार्गे पसरले आणि फिजीकडे उरले ते त्यांचे शेवटचे वारस, असा हा तर्क.

अडचणी तीन. या वाटेने जायचं तर निघायला फार लवकर हवं, आणि नव्या वंशवृक्षातली फारकत त्या मानाने अगदीच अलीकडची आहे. दुसरं, ऑस्ट्रेलिया किंवा अंटार्क्टिकात वाटेवरचे इग्वाना सापडायला हवेत. एकही जीवाश्म मिळालेला नाही. तिसरी अडचण माझ्या मते निर्णायक. गोंडवनाचा वारस असता तर त्याचा सर्वांत जवळचा नातलग दक्षिणेकडचा निघायला हवा होता. निघाला कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडचा.

मग पूर्वीच्या अभ्यासांना वेगळं उत्तर का मिळालं? तेव्हा पोथीची मोजकीच पानं वाचता येत होती. त्यात फिजीची शाखा इतकी जुनी आणि एकटी की थोड्या जनुकांवरून ती कधी या फांदीला चिकटायची, कधी त्या. हजारो जनुकं घेतल्यावर ती एका जागी स्थिरावली.

माणसांनी नेले असतील, हीही शंका निघते. फिजीत माणूस आला सुमारे ३००० वर्षांपूर्वी. फारकत त्याच्या दहा हजार पट जुनी. विषय तिथेच संपतो.

झाडावर बसून समुद्र ओलांडताना कोणी पाहिलंय का?

हो. आणि ही नोंद नसती तर सगळा सिद्धांत हवेत राहिला असता.

सप्टेंबर १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रात लुईस आणि मॅरिलिन ही दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. त्यानंतर ४ ऑक्टोबरला अँग्विला बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर उन्मळलेल्या झाडांचा आणि ओंडक्यांचा मोठा गुंता येऊन लागला. काही झाडं ३० फुटांहून लांब, मुळांच्या जाळ्यासकट. त्या गुंत्यावर आणि किनाऱ्यावर किमान १५ हिरवे इग्वाना होते. ही जात अँग्विलात त्याआधी नव्हती. वादळांचा मार्ग आणि प्रवाह पाहता ते ग्वादेलूप बेटांकडून, सुमारे ३०० किलोमीटरवरून आले असावेत. त्यांच्यात नर होते, माद्याही होत्या. दोन वर्षांनंतरही काही जिवंत होते आणि एक मादी अंडी घालण्याच्या स्थितीत आढळली. म्हणजे नुसते पोचले नाहीत, संसार मांडण्यापर्यंत गेले.

‘३०० किलोमीटर कुठे आणि ८००० कुठे’, हा पुढचा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर प्राण्याच्या शरीरात आहे.

उपाशी राहण्याचं कसब

सस्तन प्राणी अन्नातली बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच जाळतो. सरपटणारा प्राणी ऊन घेऊन तापतो, त्यामुळे त्याच्या आकाराच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्शात त्याचं भागतं. तराफ्यावर उंदीर आणि इग्वाना शेजारी बसवले तर काही दिवसांतच उंदराची भूक त्याला संपवते. इग्वाना पडून राहतो. शिवाय तो पालाखाऊ, म्हणजे तराफा हेच त्याचं ताट. पहिल्या दिवसांत ओली पानं, मग सुकलेली, मग जे मिळेल ते. आतड्याच्या मागच्या भागात जिवाणू पाला आंबवून त्यातून ऊर्जा काढून देतात, त्यामुळे निकृष्ट पाल्यावरही निभतं.

पाण्याचं काय? पावसाचं पाणी सालीच्या खोबणीत साचतं. अंगात साठलेलं जादा मीठ टाकायला इग्वानांना नाकाशी ग्रंथी असते. शिंकेसारखा फवारा उडतो आणि नाकपुडीवर पांढरा थर सुकतो. आता वाळवंटी इग्वाना आठवा. कडक ऊन, पाण्याची वानवा, आठवडेच्या आठवडे मोजकं खाणं: वाळवंटात टिकायला जे लागतं तेच भर समुद्रातल्या ओंडक्यावर लागतं. खारं पाणी प्यायला निरुपयोगीच, तेव्हा समुद्र हाही त्याच्यासाठी एक वाळवंटच.

वेळेचा हिशोब करून पाहू. ओंडका दिवसाला ८० किलोमीटर सरकला, म्हणजे ताशी सव्वातीन, आपल्या रमतगमत चालण्याइतका, तर ८००० किलोमीटरला १०० दिवस लागतात. वेग निम्मा धरला तर २००. अभ्यासकांचे अंदाजही अडीच-तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत पसरलेले आहेत. त्या काळी पनामाजवळ दोन्ही अमेरिकांच्या मधे समुद्र खुला होता, त्यामुळे आजचे प्रवाह जसेच्या तसे मागे लावता येत नाहीत. मात्र विषुववृत्ताजवळचं पाणी ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं, आणि फिजी नेमकं त्याच दिशेला आहे.

बिघडू शकणाऱ्या गोष्टींची यादी मात्र मोठी. मुळांमध्ये अडकलेली माती लाटांनी धुतली जाते आणि तराफ्याचा तोल जातो. लाकूड हळूहळू पाणी पिऊन जड होतं. प्रवाह गोल फिरून भलतीकडे नेतो. गार पाण्याच्या पट्ट्यात गेलं की इग्वाना बधिर होतो. फ्लोरिडात थंडीची लाट आली की झाडांवरून इग्वाना टपाटप खाली पडल्याच्या बातम्या येतात त्या याचमुळे, पारा १० अंशांच्या खाली गेला की त्यांचे स्नायू आखडतात. एवढ्यातून पोचलेला एकटा नर असेल तर कथा तिथेच संपली. किमान एक जोडी हवी, नाही तर अंडी पोटात असलेली एक मादी.

अंडीच वाहत गेली असतील, असंही सुचवलं जातं. फिजीतल्या तुरेवाल्या इग्वानाची अंडी उबायला आठ-नऊ महिने लागू शकतात. सरड्यांच्या जगात हा काळ फारच लांब. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. तेव्हा वेळेच्या बाजूने कल्पना जुळते. पण अंडी मातीत असतात, आणि ती माती खाऱ्या पाण्याने भिजली की अंडं टिकणं अवघड. शिवाय हिरव्या इग्वानाची पिल्लं आंबवणारे जिवाणू घरट्याजवळची माती आणि मोठ्यांची विष्ठा खाऊन मिळवतात. जिथे आधी एकही इग्वाना नाही अशा बेटावर जन्मलेल्या पिल्लाला ते आयतं मिळणार नाही. माझा कौल वाढलेल्या प्राण्यांना.

इतका योगायोग म्हणजे चमत्कारच की!

आपलं आयुष्य सत्तर-ऐंशी वर्षांचं, म्हणून दुर्मिळ म्हणजे अशक्य असं वाटतं. समजा, असा प्रवास यशस्वी होण्याची शक्यता वर्षाला एक कोटीत एक आहे. (आकडा केवळ उदाहरणापुरता, खरा कोणाजवळच नाही.) वर्षाला एकच लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस तीन कोटी वर्षं जगला, तर त्याला निदान एकदा बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के येते. वादळं दर वर्षी होतात, झाडं दर वर्षी वाहतात. बुडालेले लाखो तराफे इतिहासात कुठे नोंदले जात नाहीत. लागलेलं एकच तिकीट आपल्याला दिसतं.

मग हवाई किंवा ताहितीला इग्वाना का नाहीत? ती बेटं अमेरिकेला जास्त जवळ आहेत. उत्तर त्यांच्या वयात आहे. हवाईची आजची मोठी बेटं पाच-सहा लाख ते पन्नासेक लाख वर्षांची. ताहितीही तशीच कोवळी. ज्या काळी इग्वाना निघाले, तेव्हा उतरायला ती नव्हतीच. वाटेत तेव्हा दुसरी बेटं असतील आणि पुढे बुडालीही असतील, प्रशांत महासागरात हे नेहमीचं आहे.

बुडालेल्या बेटांचं प्रकरण गालापागोसमध्ये अधिक ठळक दिसतं. इक्वेडोरपासून सुमारे १००० किलोमीटरवरच्या त्या बेटांवरही इग्वाना वाहतच आले. तिथे त्यांच्या दोन शाखा झाल्या, जमिनीवरची आणि समुद्रातली. ही फारकत एका अभ्यासानुसार सुमारे ४५ लाख वर्षांपूर्वीची, आणि आज पाण्यावर असलेलं सर्वांत जुनं बेट त्याहून लहान. मुलं घराच्या आधी जन्मली, असा प्रकार. उलगडा असा की जुनी बेटं खचून पाण्याखाली गेली. समुद्रतळावर त्यांचे डोंगर सापडलेले आहेत. एक बेट बुडण्याआधी इग्वाना पुढच्या बेटावर सरकत गेले.

आणि भुकेशी जमवून घेण्याची कमाल पाहायची तर तो समुद्री इग्वानाच पाहावा. तो शेवाळावर जगतो. एल निनोच्या वर्षी पाणी तापून शेवाळ मरतं, तेव्हा तो नुसता रोडावत नाही, त्याची लांबी घटते. २० टक्क्यांपर्यंत आखडल्याची नोंद आहे. हाडंच आटतात. शेवाळ परतलं की पुन्हा वाढतो. डार्विनने १८३५ मध्ये तिथे एका समुद्री इग्वानाला पुन्हापुन्हा पाण्यात फेकून पाहिलं. प्रत्येक वेळी तो सरळ पोहत त्याच्याच पायाशी परतला. पाण्यात शार्क, किनाऱ्यावर शत्रू नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. माणूस शत्रू असू शकतो, ही कल्पनाच त्याला नव्हती.

बेटावर पोचल्यावर काय बदललं

शिकारी सस्तन प्राणी नाहीत, अन्न बारमाही. अशा ठिकाणी घाई करणाऱ्याला बक्षीस नसतं. फिजीच्या इग्वानाचं आयुष्य या संथपणावर बेतलेलं आहे: झाडावरच वास्तव्य, एका वेळी दोन ते सहा अंडी, ती महिनोन्महिने मातीत. धोका वाटला की तुरेवाला इग्वाना हिरव्याचा काळपट होतो, मान वरखाली झटकतो, तोंड उघडून धमकावतो. दुसऱ्या नरासमोर एवढा रुबाब पुरतो. मांजरासमोर पुरत नाही.

सुमारे २८०० वर्षांपूर्वी लापिता संस्कृतीचे लोक शेजारच्या टोंगात उतरले. त्यांच्या वस्त्यांच्या सर्वांत खालच्या थरात मोठ्या इग्वानांची हाडं सापडतात. वरच्या थरांत ती नाहीशी होतात. साधारण शंभर वर्षांत ते खाऊन संपवले. फिजीतही लापितिग्वाना नावाचा दीड मीटरचा इग्वाना होता. तोही गेला.

पुढे आल्या शेळ्या, मांजरं, उंदीर, आणि १८८३ मध्ये आपल्याकडचं मुंगूस. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला ते फिजीत नेलं. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा शिकार करतं, हे लक्षात घ्यायचं राहिलं. जमिनीवर उतरून अंडी घालणाऱ्या मादीला तर मुंगसापासून सुटकाच नाही. तुरेवाल्या इग्वानाची सर्वांत मोठी वस्ती आज यादुआ ताबा या सुमारे ७० हेक्टरच्या बेटावर आहे; १९८० पासून ते अभयारण्य आहे. तिथे मुंगूस आणि मांजर नाही, आणि अंकुर खाऊन कोरडं जंगल बोडकं करणाऱ्या शेळ्याही काढून टाकल्या.

दुसरा प्रवासी

२००० च्या सुमारास कोणी तरी फिजीच्याच कामेआ बेटावर हिरवे इग्वाना आणून सोडले, ज्यांचे भाईबंद अँग्विलाला वाहत गेले होते आणि ज्यांना पाळीव म्हणून मुंबई-पुण्यातही गिऱ्हाईक आहे, तेच. तिथून ते तावेउनीसह आसपासच्या बेटांवर पसरले. पोहायला पटाईत, आणि मादी एका वेळी २० ते ७० अंडी घालते. दोन ते सहाच्या समोर हा आकडा ठेवला की शर्यत कशी चालली आहे ते कळतं.

फिजीत गोंधळ होतो तो ओळखण्यात. हिरव्या इग्वानाची पिल्लं भडक पोपटी असतात, आणि पट्टेवाल्या देशी इग्वानाची मादीही जवळजवळ कोरी हिरवी. परका समजून देशी मारला जाण्याची भीती खरी आहे. खूण गालावर पाहायची: परक्याच्या कानाच्या खाली नाण्यासारखा एक मोठा गोल खवला असतो आणि गळ्याच्या लोंबत्या झालरीला पुढून काटे असतात. वोकाईला दोन्ही नसतात.